डेटाबेस लॉक झाला की काय करायचं: पेढीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम भरात आला की सौदे आटोपल्यावरचा तास-दीड तास सॉफ्टवेअरवाल्याची परीक्षा बघतो. एका टेबलावर आवक लागतेय, दुसऱ्यावर वजनं चढतायत, तिसऱ्यावर शेतकऱ्यांच्या पट्ट्या निघतायत, आणि सगळं एकाच डेटाबेसवर. नेमकं तेव्हाच स्क्रीनवर उमटतं, 'डेटाबेस इज लॉक्ड'. दिवाणजींचा फोन येतो, "अहो, तुमचं सॉफ्टवेअर बसलं."

बसलेलं काहीच नसतं. दोघांनी एकाच वेळी लिहायला घेतलं आणि डेटाबेसने एकाला थांबवलं, एवढंच. थांबवलं नसतं तर एका शेतकऱ्याची हमाली दुसऱ्याच्या पट्टीत गेली असती.

सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून किंवा आणखी कुठून नुकतंच बाहेर पडून अडत पेढ्या, बेदाण्याची कोल्ड स्टोरेज, दूध संकलन केंद्रं यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहायला लागलेल्यांसाठी हे लिहितोय. अशा ठिकाणी बहुतेक वेळा एसक्यूलाइट असतं, म्हणजे वेगळा सर्व्हर न लागणारा, एकाच फाइलीत मावणारा डेटाबेस, म्हणून भर त्यावरच आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. लॉकची एरर आली की नवखा माणूस पहिल्यांदा वाट बघायची मुदत वाढवतो, ५ सेकंदांची ६० करतो. हे सगळ्यात शेवटी करायचं काम आहे. आधी कोण अडवतंय ते शोधा, मग लॉक धरायचा वेळ कमी करा, आणि त्यानंतरच मुदत आणि पुन्हा प्रयत्न याकडे वळा.

जवळ काय हवं:

- एसक्यूलाइटचं कमांड लाइन टूल
- गिऱ्हाइकाच्या डेटाबेसची प्रत. मूळ फाइलवर प्रयोग नको
- वेळेसकट एरर लिहिणारी लॉग फाइल
- फाइल कोणत्या प्रोसेसने उघडली आहे ते बघायला विंडोजवर रिसोर्स मॉनिटर, लिनक्सवर एलएसओएफ
- कनेक्शन कुठे-कुठे उघडलंय याची कोडमधली यादी

आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची.

१. एरर नीट वाचा

एसक्यूलाइटमध्ये दोन वेगळ्या एरर आहेत आणि लोक त्या एकच समजतात.

कोड ५, म्हणजे बिझी: दुसऱ्या कनेक्शनने, बहुतेक वेळा दुसऱ्या प्रोसेसने, फाइल धरून ठेवली आहे. याचा संदेश 'डेटाबेस इज लॉक्ड' असा येतो. नावात बिझी आणि संदेशात लॉक्ड, त्यामुळे गोंधळ होणारच.

कोड ६, म्हणजे लॉक्ड: भांडण तुमच्याच घरात आहे. त्याच कनेक्शनवर एक सिलेक्ट अर्धवट चालू असताना तुम्ही तेच टेबल ड्रॉप करायला गेलात, किंवा शेअर्ड कॅश (एकच कॅश वाटून घेण्याची सोय) वापरून दोन कनेक्शन एकमेकांवर आदळली. याचा संदेश 'डेटाबेस टेबल इज लॉक्ड'. इथे कितीही वाट बघितली तरी उपयोग नाही, कोड दुरुस्त करावा लागतो.

पायथन ३.११ पासून एररच्या ऑब्जेक्टमध्येच एसक्यूलाइट_एररकोड आणि एसक्यूलाइट_एररनेम मिळतं. ते लॉगमध्ये लिहा. नुसता संदेश लिहून ठेवला तर पुढच्या पायऱ्यांत अंदाजच बांधत बसावं लागेल. विस्तारित कोडांपैकी ५१७ लक्षात ठेवा, त्याच्याबद्दल सहाव्या पायरीत.

२. फाइल कोणी धरली आहे ते शोधा

प्रोग्रॅम बंद करून चालू केल्यावर एरर गेली म्हणून खूश होऊ नका. ज्याने फाइल धरली होती तो तुमचाच प्रोग्रॅम होता, एवढंच त्यातून कळलं. नेहमीचे संशयित असे:

- डीबी ब्राउझरसारख्या टूलमध्ये कोणीतरी एखादा दर हाताने बदलला आणि 'राइट चेंजेस' न दाबता जेवायला गेला. ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्क्या (कमिट) किंवा रद्द (रोलबॅक) होणाऱ्या नोंदींचा गठ्ठा, उघडंच राहतं. लॉकच्या तक्रारीत मी आधी हेच विचारतो.
- विंडो बंद केली पण प्रोसेस मागे चालूच आहे. टास्क मॅनेजरमध्ये दिसते.
- अँटिव्हायरस, किंवा डेटाबेस ज्या फोल्डरमध्ये आहे तेच फोल्डर क्लाउडवर सिंक करणारं सॉफ्टवेअर.
- ठरलेल्या वेळी चालणारा बॅकअप. एरर रोज साधारण एकाच वेळी येत असेल तर आधी इथे बघा.
- तुमच्याच कोडमधला अर्धवट सोडलेला सिलेक्ट. दहा हजार ओळींपैकी पहिल्या वीस वाचल्या आणि कर्सर बंद केला नाही, तर वाचण्याचं लॉक तसंच राहतं.

आणि एक धोक्याची सूचना. डेटाबेसच्या शेजारी '-जर्नल' किंवा '-वॉल' शेवट असलेली फाइल दिसली तर ती पुसू नका. इंटरनेटवर कोणी ना कोणी असा सल्ला देतोच. वीज गेल्यावर डेटाबेस पूर्वपदावर आणायला लागणारी माहिती त्याच फाइलीत असते. ती पुसली की लॉक सुटेलही, पण हिशोब बिघडलेला असू शकतो.

३. फाइल नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये नाही ना, ते बघा

आपल्याकडे हा सापळा फार जुना आहे. फॉक्सप्रोच्या काळापासून पेढ्यांत एक सवय पडली आहे: मालकाच्या कॉम्प्युटरवर फोल्डर शेअर करायचं आणि बाकीच्यांनी त्यातली फाइल थेट उघडायची. एसक्यूलाइटची फाइल अशी ठेवली तर तुमची सगळी भिस्त नेटवर्क फाइल सिस्टिमच्या लॉकिंगवर राहते, आणि ते लॉकिंग अनेक ठिकाणी धड चालत नाही. कधी नको तेव्हा लॉक दिसतं, कधी हवं तेव्हा लागतच नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण त्यात एरर येत नाही, फाइल खराब होते. पुढच्या पायरीतला वॉल मोड तर नेटवर्क फोल्डरवर चालतच नाही. त्याला सगळ्या प्रोसेस एकाच मशीनवर लागतात, कारण त्या मेमरीचा एक भाग वाटून घेतात.

उपाय असा. फाइल एकाच कॉम्प्युटरच्या डिस्कवर ठेवा. तिथेच पायथनमधला किंवा तुम्हाला येत असेल त्या भाषेतला छोटा सर्व्हर चालवा. बाकीची टेबलं ब्राउझरमधून त्याच्याशी बोलतील. काम वाढतं हे खरं, पण हे केल्यावर निम्म्या तक्रारी आपोआप थांबतात. शिवाय सर्व्हर एकच असल्यामुळे सगळं लिखाण एका रांगेतून, एकाच थ्रेडमधून पाठवता येतं. मग लिहिणाऱ्यांची आपसात टक्करच होत नाही.

गिऱ्हाईक म्हणेल, "पण आधीच्याचं शेअर फोल्डरवरच चालत होतं." त्याला फाइल खराब झाल्यावर मार्च अखेरीला काय होईल ते सांगा.

४. वॉल मोड चालू करा

एसक्यूलाइटच्या मूळ पद्धतीचा हिशोब असा: खतावणीची वही एकच. वाचणारे कितीही जण वाकून बघू शकतात, पण दिवाणजींनी लिहायला घेतलं की शेवटी सगळ्यांनी बाजूला व्हायचं. लिहिणाऱ्याला आधी राखीव लॉक मिळतं, तोवर बाकीचे वाचू शकतात. कमिटच्या वेळी मात्र त्याला एकट्याला फाइल लागते, आणि वाचणारे सगळे बाहेर पडेपर्यंत नवीन वाचणाऱ्यांनाही दार बंद होतं.

वॉल (राइट-अहेड लॉग) मोडमध्ये नवीन लिखाण वेगळ्या फाइलीत जातं. वाचणारे जुनं चित्र बघत राहतात, लिहिणारा लिहीत राहतो, कोणी कोणाला अडवत नाही. ही सोय ३.७.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून आहे. आज्ञा: प्राग्मा जर्नल_मोड = वॉल (प्राग्मा म्हणजे एसक्यूलाइटची सेटिंग बदलायची आज्ञा). एकदा दिली की फाइलीतच नोंदली जाते, दर वेळी द्यावी लागत नाही.

इथे तीन गोष्टी लोक विसरतात.

आज्ञेचं उत्तर तपासा. ती चालू मोडचं नाव परत देते. 'वॉल' ऐवजी 'डिलीट', म्हणजे मूळ मोडचं नाव, आलं तर बदल झालाच नाही.

लिहिणारा तरीही एका वेळी एकच. "वॉल केलं तरी लॉक येतंच" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना हेच माहीत नसतं.

तिसरी गोष्ट सिंक्रोनस या सेटिंगची, म्हणजे लिखाण डिस्कवर पक्कं होईपर्यंत किती थांबायचं याची. वेग वाढावा म्हणून ते 'नॉर्मल' करा असा सल्ला सगळीकडे मिळतो. वॉल मोडमध्ये त्याने फाइल खराब होत नाही हे खरं. पण वीज अचानक गेली तर शेवटचे काही कमिट हरवू शकतात. जिथे शेतकऱ्याच्या हातात छापील पट्टी गेलेली असते, तिथे मी ते 'फुल'च ठेवतो. वेगाची गरज असेल तर ती पुढच्या पायरीतून भागते.

५. ट्रान्झॅक्शन छोटं करा

माझ्या मते या लेखातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि हिच्यासाठी कोणतंही सेटिंग नाही. कोड वाचावा लागतो.

पट्टी सेव्ह करण्याचं फंक्शन उघडा आणि ट्रान्झॅक्शन सुरू झाल्यापासून कमिटपर्यंत काय काय होतं ते ओळीने लिहून काढा. बहुतेक वेळा असं सापडतं: बिगिन, पट्टीची नोंद, अडत-हमाली-तोलाई यांच्या ओळी, मग प्रिंट, मग शेतकऱ्याला एसएमएस, आणि शेवटी कमिट. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो, की प्रिंट निघालं नाही तर नोंदही होऊ नये. पण डॉट मॅट्रिक्सचा कागद संपला, कोणी नवा रीम शोधायला गेला, आणि तेवढा वेळ बाकीच्या टेबलांवर लॉक. एसएमएसचा सर्व्हर हळू असेल तर तीच गत. वजनकाट्याकडून सिरियल पोर्टवर आकडा येण्याची वाट ट्रान्झॅक्शनच्या आत बघणं हा त्याचाच सख्खा भाऊ.

नियम सोपा आहे. माणूस, प्रिंटर, काटा, नेटवर्क यांपैकी कोणाचीही वाट ट्रान्झॅक्शनच्या आत बघायची नाही. आकडे आधी गोळा करा, हिशोब मेमरीत करा, मग बिगिन, नोंदी, कमिट. प्रिंटसाठी पट्टीच्या टेबलात 'छापली' असा एक रकाना ठेवा आणि छपाई झाल्यावर वेगळ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये त्यात खूण करा. राहिलेल्या पट्ट्या त्यावरून पुन्हा छापता येतात. एसएमएसचंही तसंच.

उलट टोकही गाठू नका. जुन्या सॉफ्टवेअरमधून वीस हजार खाती आणताना प्रत्येक खात्याला वेगळं कमिट केलं तर प्रत्येक कमिटला डिस्कवर पक्कं लिखाण होतं, आणि फिरत्या हार्ड डिस्कवर सेकंदाला काही डझनच कमिट होतात. पाचशे-हजार नोंदींचे गठ्ठे करा आणि दोन गठ्ठ्यांत क्षणभर थांबा, म्हणजे बाकीच्यांना मध्ये शिरता येईल.

६. लिहायचं असेल तर सुरुवातीलाच सांगा

मुदत ३० सेकंद ठेवली आहे, तरीही एरर त्याच क्षणी येते? मग तुम्ही याच पायरीवर अडला आहात.

नुसतं बिगिन म्हटलं की एसक्यूलाइट कोणतंच लॉक घेत नाही. पहिला सिलेक्ट आला की वाचण्याचं घेतं, पहिला इन्सर्ट आला की लिहिण्याचं मागतं. आता दोन टेबलं डोळ्यांपुढे आणा. दोघांनी बिगिन म्हटलं, दोघांनी शेवटचा पट्टी क्रमांक वाचला, समजा ४१२. पहिल्याने ४१३ लिहिला आणि तो कमिट करायला निघाला. मूळ मोडमध्ये त्याला दुसऱ्याने वाचणं सोडायला हवं आहे, आणि दुसऱ्याला पहिल्याने लिहिणं सोडायला हवं आहे. दोघंही थांबले तर जन्मभर थांबतील. हे ओळखून एसक्यूलाइट दुसऱ्याला मुदत न देता लगेच बिझी सांगतं. वॉल मोडमध्ये कारण वेगळं असतं: दुसऱ्याने बघितलेलं चित्र पहिल्याच्या कमिटमुळे शिळं झालेलं असतं, म्हणून ५१७, म्हणजे बिझी_स्नॅपशॉट येतो. शिळं चित्र थांबून ताजं होत नाही, त्यामुळे वाट बघण्यात अर्थच नसतो.

उपाय: लिहिण्याची शक्यता आहे अशा प्रत्येक ट्रान्झॅक्शनची सुरुवात 'बिगिन इमिजिएट'ने करा. लिहिण्याचं लॉक सुरुवातीलाच मागितलं जातं, थांबायचं ते तिथेच थांबतं, आणि तिथे मुदत नीट पाळली जाते. दुसऱ्या टेबलाला क्रमांक वाचताना ४१३ च दिसतो.

पायथनवाल्यांनी इथे जास्त सावध राहावं. त्याच्या एसक्यूलाइट३ मॉड्यूलची मूळ पद्धत अशी आहे की ट्रान्झॅक्शन इन्सर्ट, अपडेट, डिलीट किंवा रिप्लेसच्या आधी आपोआप उघडतं, सिलेक्टच्या आधी नाही. म्हणजे क्रमांक वाचणं ट्रान्झॅक्शनच्या बाहेरच राहतं आणि दोन टेबलांना एकच क्रमांक मिळू शकतो. आयसोलेशन_लेव्हल 'इमिजिएट' केलं तरी ही फट राहते, कारण बिगिन इन्सर्टच्या वेळीच होतं. आयसोलेशन_लेव्हल 'नन' ठेवा आणि बिगिन इमिजिएट, कमिट, रोलबॅक स्वतः लिहा. जँगो वापरत असाल तर ५.१ पासून डेटाबेसच्या ऑप्शन्समध्ये ट्रान्झॅक्शन_मोड देता येतो.

पट्टी क्रमांकावर युनिक इंडेक्स लावाच. कोड चुकला तरी डेटाबेस दुसरा ४१३ घेणार नाही.

७. आता मुदत ठरवा

एसक्यूलाइटच्या मूळ लायब्ररीत मुदत शून्य असते, म्हणजे लॉक दिसलं की लगेच एरर. पायथन स्वतःहून ५ सेकंद देतं. सेटिंगचं नाव बिझी_टाइमआउट. ते फाइलीत साठत नाही, प्रत्येक कनेक्शनवर नव्याने द्यावं लागतं. कनेक्शन पूल असेल तर प्रत्येक नव्या कनेक्शनच्या वेळी ते दिलं जातंय ना ते बघा.

एक हमखास चूक: पायथनच्या टाइमआउटला आकडा सेकंदांत द्यायचा असतो, प्राग्माला मिलिसेकंदांत. प्राग्मामध्ये ५ लिहिलंत तर पाच सेकंद नाही, पाच मिलिसेकंद मिळतात. ५००० लिहा.

समोर माणूस बसलेला असेल तिथे ५ सेकंद पुष्कळ. रात्री चालणाऱ्या कामाला ३० द्या. आणि लक्षात असू द्या, थांबलेल्यांची रांग लागत नाही. प्रत्येक जण थोडा झोपतो, उठून पुन्हा बघतो. आधी आलेल्यालाच आधी मिळेल असं नाही.

८. पुन्हा प्रयत्न, पण बेतानेच

- पुन्हा प्रयत्न फक्त कोड ५ आणि त्याच्या विस्तारित कोडांसाठी. युनिक इंडेक्सची एरर पुन्हा प्रयत्न करून सुटत नाही.
- आधी रोलबॅक, मग सगळं पहिल्यापासून. अडलेला एकटा इन्सर्ट पुन्हा चालवू नका. आधी वाचलेले आकडे शिळे झालेले असतात.
- याला अपवाद एकच. मूळ मोडमध्ये कमिटलाच बिझी आलं तर ट्रान्झॅक्शन जिवंत असतं, फक्त कमिट पुन्हा करता येतं.
- दोन प्रयत्नांमधला वेळ वाढवत न्या आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवा, नाहीतर दोन टेबलं दर वेळी एकाच क्षणी उठून पुन्हा आदळतील.
- तीन-चार प्रयत्नांनंतर थांबा आणि दिवाणजींना त्यांच्या भाषेत सांगा: "दुसऱ्या टेबलावर नोंद चालू आहे. तुमची पट्टी सेव्ह झालेली नाही. पुन्हा सेव्ह दाबा." भरलेले आकडे स्क्रीनवरून पुसू नका.

दिवाणजी 'सेव्ह' दोनदा दाबणारच. म्हणून स्क्रीन उघडतानाच नोंदीला एक वेगळी ओळख द्या आणि तिच्यावरही युनिक इंडेक्स ठेवा. मग तीच पट्टी दोनदा चढत नाही.

९. बॅकअप

वॉल मोडमध्ये मुख्य फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी करणं म्हणजे बॅकअप नाही. ताज्या नोंदी '-वॉल' फाइलीत असू शकतात. कमांड लाइन टूलची 'बॅकअप' आज्ञा वापरा, किंवा ३.२७.० पासून असलेली 'व्हॅक्यूम इंटू'. चालू डेटाबेसवरही दोन्ही चालतात. २००५ आणि २०१९ चा महापूर पाहिलेल्या गावात बॅकअप त्याच दुकानाच्या त्याच कपाटात ठेवू नये, हे वेगळं सांगायला नको.

'-वॉल' फाइल फुगतच चालली असेल तर कोणीतरी वाचण्याचं ट्रान्झॅक्शन तासन्तास उघडं ठेवलं आहे. एरवी साधारण १००० पानं झाली की, म्हणजे ४०९६ बाइटचं पान धरलं तर ४ एमबीच्या आसपास, त्यातलं लिखाण मुख्य फाइलीत उतरतं. दिवसभर उघडा राहणारा रिपोर्टचा स्क्रीन तपासा.

१०. लॉक मुद्दाम लावून बघा

गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी घरी हे करा. कमांड लाइन टूलमध्ये डेटाबेसची प्रत उघडा, 'बिगिन इमिजिएट' द्या आणि तसंच सोडा. आता तुमच्या प्रोग्रॅममध्ये पट्टी सेव्ह करा. स्क्रीन गोठतो का? किती वेळाने संदेश येतो? आकडे टिकतात का? मग टूलमध्ये रोलबॅक द्या आणि पुन्हा सेव्ह करा. नोंद एकदाच झाली ना ते बघा. शेवटी प्रोग्रॅमच्या दोन प्रती एकाच वेळी शंभर-शंभर पट्ट्या टाकतील असं छोटं स्क्रिप्ट चालवा आणि क्रमांक मोजा.

११. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस असेल तर

लिहिणारी टेबलं वाढली, दोन गावांत शाखा झाल्या, तर एसक्यूलाइटशी झगडत बसू नका, इकडे या. इथे लॉक सहसा ओळीपुरतं असतं, पण वरचे नियम सुटत नाहीत.

मायएसक्यूएलच्या इनोडीबीत लॉकसाठी मूळ मुदत ५० सेकंद आहे, पेढीच्या टेबलावर ती फारच लांब. मुदत संपली की एरर १२०५ येते, आणि मूळ सेटिंगनुसार फक्त ती एक आज्ञा मागे घेतली जाते, ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं. तुम्ही रोलबॅक केलं नाहीत आणि पुढे कमिट झालं, तर अर्धी पट्टी सेव्ह होते. १२१३ म्हणजे डेडलॉक, दोघं एकमेकांच्या लॉकसाठी अडून बसलेले. तिथे पूर्ण ट्रान्झॅक्शन मागे घेतलेलं असतं, ते पहिल्यापासून चालवायचं.

पोस्टग्रेसमध्ये लॉक_टाइमआउट मुळात शून्य असतं, आणि तिथे शून्य म्हणजे अमर्याद वाट. एसक्यूलाइटच्या अगदी उलट. ते स्वतः ठरवा. कोण अडवतंय ते पीजी_ब्लॉकिंग_पिड्स या फंक्शनने कळतं, आणि पीजी_स्टॅट_अॅक्टिव्हिटीमध्ये 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' दिसलं तर ट्रान्झॅक्शन उघडून निवांत बसलेलं कनेक्शन सापडलं समजा. डेडलॉकचा कोड ४०पी०१. तो वारंवार येत असेल तर टेबलांना हात लावण्याचा क्रम सगळ्या कोडमध्ये एकच करा: आधी खातं, मग पट्टी, मग पट्टीच्या ओळी.